घर पाहण्याआधी शिवार पाहावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वास्तुविषयक पुरवणीचा मी जुना वाचक आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की या पुरवणीची पाने वाढतात आणि जळगाव-भुसावळ पट्ट्यातील रो-हाऊस, बंगलो प्लॉट आणि सदनिकांच्या जाहिरातींनी ती भरून जातात. खेडी, कुसुंबा, सावखेडा, बांभोरी, पाळधी, नशिराबाद, साकेगाव अशी नावे असतात, दर असतो आणि ‘शहरापासून अवघ्या दहा मिनिटांवर’ हे वाक्य तर जवळपास प्रत्येक जाहिरातीत असते. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारा, म्हणून सगळी नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याला या जाहिरातींत एक उणीव सतत खटकते. घर कोणत्या गावाच्या शिवारात आहे, गट नंबर कोणता आहे आणि ते महापालिका, नगरपरिषद की ग्रामपंचायत यांपैकी कोणाच्या हद्दीत येते, एवढी साधी माहिती त्यांपैकी फार थोड्या जाहिरातींत सापडते. घर घेणारे कुटुंबही दर, खोल्या आणि दर्शनी भाग यांवरच दोन वसाहतींची तुलना करते. हद्दीचा प्रश्न खरेदीखत झाल्यावर, पहिल्या उन्हाळ्यात नाही तर पहिल्या पावसाळ्यात, आपोआप समोर येतो. म्हणून हे पत्र.

हद्दीची रेषा जमिनीवर दिसत नाही, ही यातली खरी अडचण आहे. शहराच्या कडेला एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सारखीच घरे उभी असतात, दुकाने तीच असतात, रिक्षावाले तेवढेच भाडे घेतात. पण एका बाजूचा नळ महापालिकेचा असतो आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायतीची विहीर नाही तर खासगी बोअर असते. गटार तुंबले तर तक्रार कोणाकडे करायची, पथदिव्याचे बिल कोण भरणार, कचऱ्याची गाडी कुठपर्यंत येणार, हे सारे त्या न दिसणाऱ्या रेषेवर ठरते. बांभोरीचे उदाहरण घ्या. गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरी लागते, विद्यापीठाची टेकडी समोर दिसते आणि जळगाव सोडल्यासारखे वाटतही नाही. तालुका मात्र बदललेला असतो, कारण बांभोरी आणि पुढची पाळधी ही गावे धरणगाव तालुक्यात येतात. तहसीलचे लहानसहान काम निघाले तर जळगावचे कार्यालय हाकेच्या अंतरावर असूनही वाट धरणगावची धरावी लागते. शिवाय शहरात येण्याचा सरळ मार्ग तो एक पूल. तिथे एखादा ट्रक आडवा झाला की दहा मिनिटांचा हिशेब त्या दिवसापुरता संपतो.

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न आमच्याच घरात चर्चेला आहे, म्हणून त्याचा तपशील जवळून पाहता आला. माझी पुतणी भुसावळच्या एका शाळेत शिक्षिका आहे आणि जावई जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. दोन मुले शाळकरी, घरात सासूबाई, आणि सध्याचे घर भाड्याचे. त्यांच्यापुढे तीन पर्याय होते: जळगावची पूर्वेकडची बाजू म्हणजे अयोध्यानगर-खेडीचा परिसर, मधले नशिराबाद आणि थेट भुसावळ. नात्यागोत्यातल्या सगळ्यांचा कौल नशिराबादला होता. एकाची नोकरी या टोकाला आणि दुसऱ्याची त्या टोकाला असेल तर घर मधे असावे, दोघांचेही अंतर निम्मे होईल, दरही दोन्ही शहरांपेक्षा कमी पडेल, असा तो हिशेब. कागदावर त्यात चूक काढता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र ते मधले गाव दोघांच्याही सोयीचे ठरत नाही, असे माझे मत झाले. जळगाव आणि भुसावळ यांच्यात रेल्वेने सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर आहे आणि गाडी सुरळीत असेल तर ते अर्ध्या तासाच्या आत कापले जाते. दोन्ही जंक्शने असल्यामुळे बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्या दोन्ही ठिकाणी थांबतात. मासिक पास काढून जनरल डब्यातून ये-जा करणारी मंडळी खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भुसावळचे अर्धे संसार या पासावर उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल. पण नशिराबादला स्वतःचे स्थानक नाही. जवळचे स्थानक भादली. तिथे मेल-एक्स्प्रेस थांबत नाहीत आणि गावातून तिथे जायचे तर आधी वाहन हवे. म्हणजे टोकाला राहणाऱ्याला रेल्वे मिळते आणि मधे राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ती निघून जाते. मग उरतो महामार्ग. त्यावरून एस.टी. जाते, काळी-पिवळी जाते, शिवाय एस.टी.च्या भाड्यात महिलांना मार्च २०२३ पासून निम्मी सवलत असल्याने शिक्षिकेचा बसचा खर्च फारसा नाही. तरी शाळा सुटायच्या वेळी भुसावळहून भरून आलेली बस मधल्या थांब्यांसाठी कशी आणि किती वेळ थांबते, हे रोज जाणाऱ्याला विचारावे. चारचाकी असेल तर वाटेत टोलनाका आहे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी वाहनाला सवलतीचा मासिक पास मिळतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. पण घराचा हप्ता सुरू झाल्यावर लगेच चारचाकी घेणारी कुटुंबे आपल्याकडे किती आहेत?

सर्वसाधारण कुटुंबात नवरा दुचाकीवरच जाणार. म्हणूनच अंतर निम्मे करण्यापेक्षा कोणाचा प्रवास कोणत्या वेळी होणार, याला जास्त वजन द्यावे असे मी पुतणीला सांगितले. शाळेची वेळ वर्षभर ठरलेली असते आणि ठरलेल्या वेळेला गाडी, बस, सोबत, सगळे जुळवता येते. पाळीची वेळ दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी सुटते तेव्हा ना सोयीची गाडी असते ना बस, आणि ज्या महामार्गावर मालमोटारी रात्रीच जास्त धावतात त्यावरून दुचाकी चालवत घरी यावे लागते. जळगाव शहरातून जाणाऱ्या याच महामार्गावर इच्छादेवी, अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौक या भागांत अपघातांमुळे समांतर रस्त्यांची मागणी जळगावकरांना वर्षानुवर्षे का करावी लागली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पाळधी-तरसोद बाह्यवळणामुळे शहरातली अवजड वाहतूक कमी होईल. मात्र तरसोदपासून पुढे भुसावळपर्यंतच्या मार्गावर ती सगळी वाहने असणारच. तेव्हा ज्याची पाळी फिरती, त्याच्या कामाजवळ घर आणि जिची वेळ ठरलेली, तिचा प्रवास, असा आमचा निर्णय झुकला. मुलांची शाळा आणि सासूबाईंचा दवाखाना हे दोन्ही जळगावात असल्याने तो अधिकच पक्का झाला. त्याच पैशात नशिराबादला मिळाली असती त्यापेक्षा एक खोली कमी मिळेल. हे त्या दोघांनाही मान्य आहे, सासूबाईंना अजून तितकेसे नाही.

याचा अर्थ नशिराबाद वाईट असा कृपया कोणी घेऊ नये. दोघांच्याही नोकऱ्या जळगावात असतील, घरात चारचाकी असेल आणि अंगणासकट घर हवे असेल, तर ते गाव जरूर पाहावे. ग्रामपंचायत जाऊन तिथे नगरपरिषद आली आहे, म्हणजे पुढेमागे सोयी वाढतील. रेल्वेत नोकरी असणाऱ्याने तर भुसावळ सोडून दुसरीकडे का पाहावे, हेच मला कळत नाही.

आता जागेवर काय दिसले ते सांगतो. शहराबाहेरच्या एका नव्या ले-आउटमध्ये (नाव देत नाही, कारण अशी डझनावारी ठिकाणे आहेत) आम्हाला मंजूर नकाशाची रंगीत प्रत दाखवण्यात आली. नकाशात नऊ मीटरचा रस्ता वसाहतीतून निघून पुढे हमरस्त्याला मिळालेला होता. मी रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथे बांध होता, बांधावर बाभळी होत्या आणि पलीकडे कपाशी उभी होती. पुढचा गट दुसऱ्या शेतकऱ्याचा; त्याने जमीन अजून बिनशेती (शेतीशिवायच्या वापरासाठी) केलेली नाही आणि करण्याचा त्याचा विचारही नाही, असे तिथेच काम करणाऱ्या गड्याने सांगितले. म्हणजे नकाशातला रस्ता खरा, पण तो सलग कधी होईल हे त्या शेतकऱ्याच्या मर्जीवर. तोपर्यंत येण्याजाण्याला मागच्या बाजूची गाडवाट, जी जुलैत काळ्या मातीच्या चिखलात जाते. दाखवायला आलेल्या तरुणाला मी हे विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘काका, रस्ता मंजूर आहे ना!’ मंजूर रस्ता आणि झालेला रस्ता यांतला फरक पावसाळ्यात मुलांना दप्तरासकट उचलून नेणाऱ्या आईबापांना चांगला कळतो. घर पाहायला जाणाऱ्याने गाडी दारात न नेता वसाहतीच्या चारही टोकांपर्यंत पायी जावे आणि आपल्या गटाला लागून असलेले गट कोणाचे आहेत, तिथे शेती आहे की ले-आउट पडला आहे, हे विचारून घ्यावे. तलाठ्याकडे गटाचा नकाशा पाहायला मिळतो. त्यासाठी भूकरमापक असण्याची गरज नाही.

पाण्याच्या बाबतीत तर जाहिरातीतल्या शब्दांवर मुळीच विसंबू नये. ‘नळजोडणी उपलब्ध’ या शब्दांनी नळ असल्याचे कळते, त्याला पाणी येते की नाही हे कळत नाही. जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, भुसावळला तापीचे. दोन्हीकडे रोज पाणी येत नाही आणि किती दिवसांआड येते हे भागाभागाप्रमाणे बदलते. विक्रेता सांगेल त्यापेक्षा शेजारच्या घरातली बाई खरे सांगते. आम्ही एका घरी पाणी प्यायला म्हणून थांबलो, तर स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर नळाला पाणी आलेल्या दिवसांना पेनाने गोल केलेले होते. एप्रिलचे पान आणि मेचे पान यांतल्या गोलांमधली अंतरे पाहिल्यावर आम्हाला दुसरे काही विचारावे लागले नाही. दाराशी निळे ड्रम रांगेने ठेवलेले होतेच. जिथे बोअरवर भिस्त आहे तिथे नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या काठाला पांढरा थर चढला आहे का ते पाहावे. तापीकाठच्या अनेक शिवारांत बोअरचे पाणी जड लागते, त्यात डाळ शिजत नाही आणि पिण्याच्या पाण्याचे जार विकत आणावे लागतात. शक्य असेल तर घर मे महिन्यात पाहावे, तेही दुपारी तीनला. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब किती तापतो, हे हिवाळ्यात सकाळी घर दाखवणारा सांगणार नाही.

मातीविषयी थोडेच सांगतो, कारण हा विषय माझ्यापेक्षा अभियंत्यांचा आहे. काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्या खाली मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलते. याचा पुरावा नमुना घरात मिळत नाही, कारण त्याला रंग नवा असतो. तो कुंपणाच्या भिंतीत मिळतो. एका वसाहतीत दोन वर्षांच्या बंगल्याचे लोखंडी फाटक बंद होत नव्हते, कडी आणि खाच यांच्यात दोन बोटांचे अंतर पडले होते, कारण एका बाजूचा खांब कलला होता. घराच्या पायावर खर्च झाला असेलही. कुंपणाच्या पायावर तो झाला नव्हता एवढे नक्की.

कागदपत्रांचा विषय मोठा आहे, पण हद्दीशी जोडलेल्या दोन-तीन गोष्टी इथे सांगणे भाग आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत घर घेताना पुष्कळ जण नमुना नंबर आठचा उतारा मिळाला की निश्चिंत होतात. तो उतारा घरपट्टीच्या आकारणीचा असतो, मालकी हक्काचा नव्हे. गावठाणाबाहेरच्या, म्हणजे गावाच्या नोंदलेल्या वस्तीच्या जागेबाहेरच्या, बांधकामाला ग्रामपंचायतीचा ठरावही पुरत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला आता स्वतंत्र बिनशेती परवानगी लागत नाही, हे खरे आहे आणि विक्रेते ते मोठ्या उत्साहाने सांगतात; मात्र हे २०० मीटर गावठाणाच्या नोंदलेल्या हद्दीपासून धरायचे असतात, गावातल्या शेवटच्या घरापासून नव्हे. गावे वाढली आहेत, गावठाणाची रेषा बहुतेक ठिकाणी जुनीच आहे. या एका गैरसमजामुळे निर्धास्त राहिलेली माणसे मी नोकरीत पुष्कळ पाहिली. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे नोटरीच्या कागदावर विकत घेऊन सामाईक सातबाऱ्यावर नाव लागण्याची वाट पाहणाऱ्यांची गोष्ट तर वेगळ्याच पत्राची आहे.

महारेरामुळे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणामुळे) या साऱ्याला आळा बसला असेल, असे शहरी वाचकांना वाटते. कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. मोठ्या गृहप्रकल्पांना त्याचा उपयोग होतोच. पण जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील, तर अशा प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडे शहराच्या कडेला जी घरे उभी राहतात त्यांतली किती तरी अशीच, एका ओळीत सहा रो-हाऊस या मापाची असतात. म्हणजे ज्या ग्राहकाला माहितीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच जाहिरातीत ती देण्याचे बंधन नाही. अशा वेळी राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जाचा अर्ज करून पाहावा. पैसे हाताशी असले तरी करावा. बँकेच्या पॅनेलवरचा वकील शोध अहवालात ज्या त्रुटी काढतो त्या आपल्या ओळखीच्या एजंटाला कधी दिसत नाहीत, आणि बँकेने नाकारलेले घर ‘पतसंस्थेतून करून देतो’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे.

पुढे कधीतरी हद्द वाढेल आणि आपले घर शहरात येईल, या आशेवरही अनेक व्यवहार होतात. धुळ्यात २०१८ मध्ये महापालिकेची हद्दवाढ झाली आणि वलवाडी, अवधान, चितोड, नकाणे यांसारखी गावे शहरात आली. हद्दवाढीने घराचा पत्ता एका अधिसूचनेत बदलतो. जलवाहिनी, गटार आणि रस्ता यांना मात्र आराखडा, निधी, निविदा आणि ठेकेदार अशा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. घरपट्टी त्यांच्यासाठी थांबत नाही. ती टप्प्याटप्प्याने का होईना वाढत जाते. तेव्हा हद्दवाढीच्या आशेची किंमत आजच्या दरात कोणी लावत असेल, तर ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे आज आहे त्याचेच पैसे द्यावेत.

संपादक महोदय, या संदर्भात आपल्याला एक विनंती आहे आणि ती आपल्या अधिकारातली आहे. वास्तू पुरवणीत घराची किंवा प्लॉटची जाहिरात स्वीकारताना गावाचे आणि तालुक्याचे नाव, गट किंवा सर्व्हे नंबर, स्थानिक संस्थेचे नाव, बिनशेती आदेशाचा क्रमांक आणि पाण्याचा आजचा स्रोत, एवढ्या पाच बाबी लहान अक्षरांत का होईना छापण्याची अट आपण घालावी. दोन ओळींची जागा लागेल. जाहिरातदारांपैकी ज्यांचे कागद नीट आहेत त्यांची याला हरकत असण्याचे कारण नाही, आणि ‘दहा मिनिटांवर’ हे शब्द छापायचेच असतील तर ती दहा मिनिटे कोणत्या चौकापासून आणि किती वाजता मोजली, तेही सोबत यावे. जळगाव महापालिकेनेही आपल्या हद्दीच्या कडेला, निदान खेडी, कुसुंबा, सावखेडा आणि आव्हाणे या बाजूंच्या रस्त्यांवर, हद्द जिथे संपते तिथे ठळक फलक लावावेत. मोजणीचे नकाशे उपलब्ध आहेत. काम फलक रंगवण्याचे आणि खांब रोवण्याचेच काय ते उरते, आणि खांब कुठे रोवायचा याबद्दल कोणाला शंका असेल तर माझ्यासारखे निवृत्त कर्मचारी एक दिवस विनामोबदला येऊन दाखवून देतील.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक,
जळगाव